सिस्टर, कालच तं रक्त काढलं, आज परत कशाला?

पहाटे साडेपाच-सहाची वेळ. वॉर्डातले दिवे लागतात, रात्रपाळीची सिस्टर ट्रे घेऊन एकेका खाटेपाशी येते, आणि एखादी आजी चादरीतून हात बाहेर काढता काढता विचारतेच, "सिस्टर, कालच तं रक्त काढलं ना? आज परत कशाला काढू राहिल्या?" नाशिकमधल्या रुग्णालयांत २२ वर्षं परिचारिका म्हणून काम करताना हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल, त्याची मोजदाद नाही. पुढे आणखी अठरा खाटा असतात, म्हणून "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढंच तोंडातून निघतं. ते खरं असतं, पण अपुरं असतं. आज जरा निवांतपणे पूर्ण उत्तर देते.

आधी एक घडलेला प्रसंग. सिन्नरकडचे एक काका उलट्यांमुळे भरती झाले होते. सकाळी साडेनऊला लॅबमधून फोन आला, "पोटॅशियम ६.८." रक्तात पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असतं. साडेसहाच्या वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हृदय थांबूही शकतं. असा धोक्याचा आकडा लॅब कागदाची वाट न बघता फोनवर कळवते. फोन घेणाऱ्या सिस्टरने तो लिहून घ्यायचा, लिहिलेलं परत वाचून दाखवायचं, वेळ टाकायची आणि लगेच डॉक्टरांना सांगायचं. मी तसं केलं आणि ईसीजी काढायला काकांकडे गेले. काका चहात बिस्किट बुडवून खात बसले होते. नाडी एकसारखी. पोटॅशियम वाढलं की ईसीजीत बऱ्याचदा उंच, टोकदार लाटा दिसतात. तसं काही नव्हतं.

तेव्हा मला पहाटेचा तो हात आठवला. उलट्यांनी अंग सुकलेलं, शीर सापडत नव्हती. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटाच्या बराच वर राहिला. मी त्यांना मूठ उघड-बंद करायला लावली, बारीक सुईने सिरिंज जोरात ओढली आणि ते रक्त दाबून ट्यूबमध्ये भरलं. पोटॅशियम मुख्यत्वे पेशींच्या आत असतं. बाहेरच्या द्रवापेक्षा आत सुमारे तीसपट जास्त. रक्त असं रगडलं गेलं की तांबड्या पेशी फुटतात आणि आतलं पोटॅशियम ट्यूबमध्येच बाहेर पडतं. मशीनने चूक केली नव्हती. त्या ट्यूबमध्ये पोटॅशियम खरोखर ६.८ होतं, काकांच्या अंगात नव्हतं.

रक्त कसं काढलं गेलं ते मी डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या हाताच्या जाड शिरेतून, पट्टा लगेच सोडून, नवं सॅम्पल पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत काकांना मॉनिटर लावून ठेवला, कारण आकडा खोटा असावा असं वाटणं वेगळं आणि तो खोटा ठरणं वेगळं. नवा आकडा ४.३ आला. पहिल्यावर विसंबून पोटॅशियम उतरवायची औषधं दिली असती, तर ज्यांचं बरोबर होतं त्यांचंच आम्ही खाली आणलं असतं.

त्या दिवसापासून कोणताही रिपोर्ट हातात आला की मी तीन गोष्टी आधी बघते: कुणाचं सॅम्पल, किती वाजताचं आणि कसं घेतलेलं. आकडा त्यानंतर.

रंगीत झाकणांच्या ट्यूब

"चार-चार बाटल्या रक्त काढलं" ही तक्रार नेहमीची. चार ट्यूब मिळून साधारण १२ ते १५ मिलिलिटर रक्त होतं, म्हणजे तीन छोटे चमचे. मोठ्या माणसाच्या अंगात ते पाच लिटरच्या आसपास असतं. तरीही एकाच ट्यूबमध्ये का भागत नाही, याला कारण आहे. प्रत्येक ट्यूबमध्ये वेगळं रसायन असतं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, त्याने रक्त गोठत नाही आणि पेशी मोजता येतात. सीबीसी त्यातून होते. लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त मुद्दाम गोठू देतात आणि वरच्या पाणीदार भागावर किडनी-लिव्हरच्या तपासण्या करतात. निळ्या ट्यूबमध्ये सायट्रेट असतं, ती रक्त किती वेळात गोठतं ते बघण्यासाठी. तिच्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण ठरलेलं, त्यामुळे ती रेषेपर्यंत भरलीच पाहिजे. निळी ट्यूब अर्धी भरून गेली तर लॅब परत पाठवते आणि आजींना पुन्हा टोचावं लागतं. अशा वेळी आमच्यावर चिडू नका. अर्ध्या ट्यूबचा चुकीचा आकडा त्या सुईपेक्षा जास्त महागात पडतो.

राखाडी झाकणाची ट्यूब साखरेसाठी. रक्त शरीराबाहेर आलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. राखाडी ट्यूबमधलं फ्लोराइड पेशींचं हे खाणं थांबवतं. गावातल्या केंद्रावर सकाळी घेतलेलं सॅम्पल शहरातल्या लॅबपर्यंत यायला दुपार होते, तेव्हा हा फरक किती पडेल याचा अंदाज येईल.

ट्यूब भरण्याचा क्रमसुद्धा ठरलेला असतो: जंतू तपासायच्या कल्चरच्या बाटल्या आधी, मग निळी, मग लाल-पिवळी, मग जांभळी, शेवटी राखाडी. जांभळीतलं ईडीटीए चुकून पिवळीत गेलं तर पोटॅशियम खोटंच वाढतं आणि कॅल्शियम खोटंच उतरतं. ज्या हाताला सलाइन चालू आहे त्या हाताच्या वरच्या भागातून रक्त घेत नाहीत, तेही याच कारणाने. ग्लुकोजची सलाइन चालू असेल तर ट्यूबमध्ये रक्तासोबत ती बाटलीच उतरते आणि साखर पाचशेच्या पुढे दिसू शकते.

आता नावाबद्दल. आमच्याकडे एका वॉर्डात एकाच नावाच्या दोन आजी असणं अगदी नेहमीचं. म्हणून "तुम्ही अमुकबाई ना?" असं आम्ही विचारत नाही. ग्लानीतला किंवा कानाने कमी ऐकणारा माणूस कशालाही "हो" म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं म्हणायचं, ते केस पेपरवरच्या आणि मनगटावरच्या पट्टीवरच्या नावाशी व नंबरशी ताडायचं, आणि ट्यूबला लेबल खाटेपाशीच लावायचं. रक्त चढवायच्या आधीच्या सॅम्पलमध्ये ही अदलाबदल झाली तर चुकीच्या गटाचं रक्त चढू शकतं. रोज दोनदा भेटूनही सिस्टर पुन्हा नाव विचारते, ती तुम्हाला विसरलेली नसते.

द्राक्षाच्या बोटांची साखर

जानेवारी ते एप्रिल आमच्या जिल्ह्यात द्राक्षाची काढणी असते. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव या भागांतून बागेतलं काम आटोपून थेट तपासणीला येणारे खूप. एका ताईंची बोटातली साखर २९० आली. त्या घाबरल्या, नवरा त्यांच्याहून जास्त. मी विचारलं, "हात धुतले होते का?" पॅकिंगचं काम करूनच आल्या होत्या. साबणाने हात धुवून, कोरडे करून पुन्हा टोचलं: १३८.

ग्लुकोमीटरच्या पट्टीला रक्ताचा अगदी टिपकाभर थेंब लागतो. बोटावर वाळलेला द्राक्षाचा रस त्या थेंबात मिसळला की मशीनला तीही साखरच दिसते. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसून हा रस पूर्ण जात नाही, साबण-पाणीच लागतं. बोटाच्या टोकावर टोचू नये, कडेला टोचावं, तिथे दुखतं कमी. बोट पिळून पिळून थेंब काढू नये. एवढ्या साध्या गोष्टींवर इन्सुलिनचा डोस अवलंबून असतो. खोट्या २९० वर खरं इन्सुलिन दिलं, तर तासा-दोन तासांत माणूस घामाघूम होऊन थरथरायला लागेल.

म्हणूनच इन्सुलिन देण्याआधी आम्ही साखर बघतो आणि जेवणाचं ताट आलंय का तेही बघतो. साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, तिथे शिरेतून ग्लुकोज द्यावं लागतं.

उपाशीपोटीच्या तपासणीबद्दलही एक गैरसमज आहे. आठ तास उपाशी म्हणजे अन्न नाही, चहा नाही, दूध नाही. साधं पाणी मात्र चालतं, प्यावंच. पाण्याविना राहिलेल्या माणसाची शीर सापडत नाही आणि मग काकांसारखी गत होते. "फक्त अर्धा कप चहा घेतला" असं झालं असेल तर सांगून टाका. कुणी रागावलं तरी सांगा. हल्ली तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी तपासणी करतात, तिला उपाशी राहावं लागत नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्यावर किती साखर चढली ते ही तपासणी सांगते. आदल्या दिवशी गोड बंद करून ती फसत नाही.

डेंग्यूत सगळे प्लेटलेट विचारतात

पावसाळा सरता सरता वॉर्ड तापाने भरतो. सिडको असो, सातपूर असो की नाशिकरोड, प्रत्येक नातेवाइकाचा एकच प्रश्न: "प्लेटलेट किती?" दीड लाखाच्या खाली आल्या की घरात रडारड सुरू होते. त्यांची काळजी मला समजते. पण डेंग्यूच्या रुग्णाकडे सिस्टर काय बघत असते ते मला इथे नीट सांगायचंय, कारण याच एका आजारात रिपोर्ट आणि रुग्ण सोबत वाचण्याचं महत्त्व सगळ्यात स्पष्ट दिसतं.

पहिल्या चार-पाच दिवसांत डेंग्यूच्या विषाणूचा अंश शोधणारी एनएस१ ही तपासणी उपयोगाची. त्यानंतर ती निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा शरीराने त्या विषाणूविरुद्ध तयार केलेली आयजीएम प्रतिपिंडं बघतात. म्हणून ताप कोणत्या दिवशी सुरू झाला हे सिस्टर खोदून खोदून विचारते. "झाले असतील तीन-चार दिवस" या उत्तराने भागत नाही.

खरा धोका ताप उतरताना असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप कमी होतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि नेमक्या त्याच वेळी काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून पाणीदार भाग बाहेर झिरपू लागतो. मागे उरलेलं रक्त घट्ट होतं. हा घट्टपणा हिमॅटोक्रिट या आकड्यात दिसतो. सीबीसीच्या कागदावर तो पीसीव्ही किंवा एचसीटी म्हणून छापलेला असतो. ३८ चा ४६ झाला, म्हणजे २० टक्क्यांहून जास्त वाढ, तर झिरपणं चालू आहे असं समजायचं. त्याच वेळी हिमोग्लोबिन १३ वरून साडेपंधरावर गेलेलं दिसतं आणि नातेवाईक आनंदाने सांगतात, "सिस्टर, रक्त वाढलं!" रक्त वाढलेलं नसतं, त्यातलं पाणी गेलेलं असतं. आमटी आटली की घट्ट होते तसं.

आता हाच आकडा खाली आला तर? रुग्णाला लघवी चांगली होतेय, भूक लागलीय, तो बोलतोय, तर झिरपलेलं पाणी परत येतंय, सलाइन कमी करायची वेळ आली. तेव्हाही सलाइन तशीच धो धो चालू ठेवली तर पाणी फुप्फुसात साचतं. पण आकडा खाली आला आणि रुग्ण मात्र गार पडतोय, नाडी जलद आणि बारीक लागतेय, पोटात दुखतंय, तर आत कुठेतरी रक्तस्राव होत असू शकतो. कागदावर दोन्ही ठिकाणी एकच घसरण दिसते. फरक फक्त खाटेपाशी कळतो.

म्हणून रात्री दोन वाजता झोपलेल्या पोराला उठवून आम्ही बीपी बघतो, वरचा आणि खालचा आकडा जवळ जवळ येत नाहीत ना ते बघतो. दोघांमधलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं तर धावाधाव करायची. लघवी मापात करायला लावतो. हिरड्या, उलटीचा रंग, शौचाचा रंग विचारतो. पोरगं उगाच किरकिर करतंय की गुंगीत जातंय ते बघतो. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट बऱ्याच खाली गेल्या तरी बहुतेक रुग्णांना त्या चढवाव्या लागत नाहीत, आपोआप वर येतात. प्लेटलेटच्या पिशवीसाठी रात्रभर रक्तपेढ्या पालथ्या घालणाऱ्या भावाला मी सांगते, दादा, आधी तिच्याजवळ बस आणि लघवी कधी, किती झाली ते या कागदावर लिही. त्याचा तिला जास्त उपयोग आहे.

औषधाच्या आधीचा रिपोर्ट

औषध लिहितात डॉक्टर, पण ते रुग्णाच्या हातावर ठेवणारी शेवटची व्यक्ती सिस्टर असते. लघवी वाढवणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी पोटॅशियम उतरतं, म्हणून सकाळचा आकडा बघूनच ती गोळी द्यायची. हृदयात कृत्रिम धातूची झडप बसवलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज असते. त्याचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, झडपेनुसार २ ते ३ किंवा अडीच ते साडेतीनच्या दरम्यान हवा असतो. तो पाचवर गेला असेल तर संध्याकाळचा डोस थांबवून आधी डॉक्टरांना फोन. डोस थांबवून विचारणारी सिस्टर आगाऊ नसते, तिने तिचं काम केलेलं असतं. नव्या मुलींना मी हे मुद्दाम सांगते, कारण मोठ्या डॉक्टरांना फोन करायला त्या घाबरतात.

तापाच्या गंभीर रुग्णात अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर घ्यायचं असतं. औषध आधी गेलं तर जंतू बऱ्याचदा बाटलीत वाढतच नाहीत आणि कोणत्या औषधाने ते मरतील हे कळायची संधी जाते. त्यासाठी कातडी नीट स्वच्छ करून ती वाळेपर्यंत थांबावं लागतं. न थांबता टोचलं तर कातडीवरचेच निरुपद्रवी जंतू बाटलीत जातात. दोन वेगळ्या जागांहून रक्त घेतात, तेही याचसाठी: एकाच ठिकाणी असा जंतू निघाला तर तो बहुधा कातडीचा, दोन्हीकडे तोच निघाला तर रक्तातला असण्याची शक्यता जास्त.

टीबीच्या थुंकीचंही तसंच. डबीत लाळ आली की तपासणी वाया जाते. साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीच्या तळातून खोकून बेडका काढायचा, शक्यतो सकाळी उठल्यावर, मोकळ्या हवेत. सीबीनॅट मशीन सुमारे दोन तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्यावर चालेल का, हे दोन्ही सांगतं. पण डबीत काय आलं ते मशीनच्या हातात नसतं. समजावून सांगायला दिलेली पाच मिनिटं इथे मशीनइतकीच मोलाची.

सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या आदिवासी भागांत सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण आहेत. तिथे आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी होते, पण ती फक्त सिकलचं हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या पुढच्या एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या तपासणीने ठरतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली तर ती धरायची नाही. आणि एखाद्या मुलाला रक्त चढवायचं असेल तर हे सॅम्पल आधी घ्यायचं. नंतर घेतलं तर त्यात रक्तदात्याचं रक्त मिसळलेलं असतं आणि पुढचे जवळपास तीन महिने उत्तर धूसर राहतं.

स्कॅन आणि दुर्बिणीच्या तपासण्यांमध्ये सिस्टरचं काम बहुतेक आधी आणि नंतर असतं. पित्ताशयाच्या सोनोग्राफीला पोट रिकामं, गर्भाशयाच्या सोनोग्राफीला बहुतेकदा लघवीची पिशवी भरलेली. सीटीत डाय द्यायची असेल तर किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन बघायचं, मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारायचं, पूर्वी कधी डायने त्रास झाला होता का तेही. एमआरआयच्या खोलीत लोखंडाची टाचणीही जाता कामा नये. पेसमेकर आधीच विचारायचा. मंगळसूत्र काढायला बऱ्याच बायका कचरतात. अशा वेळी त्यांच्या हाताने काढून त्यांच्याच माणसाच्या हातात द्यायला सांगायचं, आपण ओढायचं नाही. एंडोस्कोपीनंतर घसा बधिर असतो, गिळण्याची जाणीव परत येईपर्यंत घोटभर पाणीसुद्धा नाही, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मांडीतून अँजिओग्राफी केली असेल तर पाय सरळ ठेवायचा, आणि आम्ही वरचेवर पावलाची नाडी चाचपतो, तेव्हा "पायाला काय झालं?" म्हणून घाबरू नका. रक्त तिथवर पोहोचतंय ना, एवढंच बघतो.

पिशवीतले जुने कागद

पेठ तालुक्यातून एक तरुण त्याच्या आईला घेऊन आला होता. क्रिएटिनिन २.४. किडनीचा हा आकडा बाईमाणसात साधारण एकच्या आत असतो. आता हे कालपरवा बिघडलंय की आधीपासून आहे? महिन्यापूर्वी ०.९ असेल तर ही तातडीची गोष्ट: लघवी किती होतेय, अंगातलं पाणी कमी झालंय का, दुखण्याच्या कोणत्या गोळ्या पोटात गेल्यात, कुठे मार्ग अडलाय का, सगळं तासाभरात शोधायचं. वर्षापूर्वीही एवढंच असेल तर उपचाराची दिशाच वेगळी. एकट्या २.४ वरून हे कुणालाच सांगता येत नाही.

मुलाने मोबाइलमधले फोटो दाखवले. त्यात आकडे होते, पण वरचं नाव आणि तारीख कापली गेली होती. मग त्याने सोबतची प्लास्टिकची पिशवी माझ्यासमोर रिकामी केली. औषधांची बिलं, रेशनकार्डाची झेरॉक्स, एक्स-रेचं पाकीट, आणि तळाशी चौघडी घातलेला, हळदीचे डाग पडलेला कागद. वर्षापूर्वीचा. नाव, तारीख, सगळं वाचता येत होतं. क्रिएटिनिन २.३.

तो कागद घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. नंतर, माउली झोपल्यावर, त्या मुलाला सोबत बसवून सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले, पंच केले आणि बँडेजच्या पट्टीने बांधून दिले, नवा कागद सगळ्यात वर ठेवून.